प्रश्न येऊ द्या, उत्तर निवडून द्या: पायरेटेड सॉफ्टवेअर आणि मदत गटाचा नियम

तुम्ही लिहिलेली अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वाचनालयातर्फे तुम्ही संगणक-मदतीचा एक गट चालवता. त्यात डीटीपीवाले (संगणकावर छपाईची पानं मांडणारे) आहेत, शिक्षक आहेत, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकणारी मुलं आहेत, नुकताच लॅपटॉप घेतलेले ज्येष्ठ नागरिकही आहेत. मध्यंतरी एकाने ‘फोटोशॉपचा क्रॅक चालत नाही, काय करू?’ असं विचारलं आणि गटात दोन तट पडले. (क्रॅक म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून फुकट चालवलेलं, म्हणजेच पायरेटेड, सॉफ्टवेअर.) काहींचं म्हणणं, पायरसीचं नाव निघालं की संदेश काढून टाकायचा. काहींचं म्हणणं, गरजू माणसाला अडवणारे आपण कोण? त्या प्रश्नाखाली ज्याने डाउनलोडची लिंक टाकली तोच तुमच्या गटात सगळ्यांच्या मदतीला धावणारा माणूस आहे, त्यामुळे त्याला काय सांगावं हेही तुम्हाला सुचत नाहीये.

मी संगणक दुरुस्ती आणि डीटीपी प्रशिक्षण या कामात बरीच वर्षं आहे आणि अशाच एका मराठी गटाच्या देखरेखीतही आहे. माझं मत सरळ सांगतो. प्रश्नावर बंदी घालू नका, उत्तरावर घाला. तुमच्या गटात वाद ‘असा प्रश्न चालेल का’ यावर चाललाय, पण नुकसान किंवा फायदा जो काही होतो तो उत्तराने होतो. ‘क्रॅक चालत नाही’ या एकाच प्रश्नाला तीन उत्तरं जाऊ शकतात: कुलूप तोडण्याचा नवा मार्ग, मशीन साफ करण्याची पद्धत, किंवा तेच काम फुकटात आणि कायद्यात बसून करणारं दुसरं सॉफ्टवेअर. पहिलं उत्तर द्यायचं नाही. बाकीची दोन मनापासून द्यायची, आणि देताना विचारणाऱ्याची उलटतपासणी करायची नाही.

आता यात परिस्थितीनुसार काय बदलतं ते. गट कोणाच्या नावावर चालतो हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या गटावर वाचनालयाचं नाव आहे. शाळा, पतसंस्था किंवा सरकारी अनुदान घेणारं वाचनालय असेल तर तिथे लिहिलेला शब्द संस्थेच्या खात्यावर जमा होतो, म्हणून तुम्हाला चार मित्रांच्या गटापेक्षा जास्त काटेकोर राहावं लागेल. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा गट असेल तर तिथे चर्चेला जागाच नाही. मदतीचे पैसे घेत असाल तर गोष्ट आणखी वेगळी, कारण मग ती सेवा होते आणि जबाबदारी थेट तुमच्यावर येते. गटात अठराच्या आतली मुलं असतील तर लिंकच्या बाबतीत जराही ढील देऊ नका. हे सोडलं तर पुढचं सगळं बहुतेक गटांना लागू पडतं.

आधी विचारणारी माणसं कोण असतात ते पाहू. सरसकट बंदी मागणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: पैसे असून फुकट हवं असलेला माणूस. तसे असतात, नाकारत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्यांत मोठा भाग अशांचा असतो ज्यांना आपल्याकडचं सॉफ्टवेअर पायरेटेड आहे हेच ठाऊक नसतं. दुकानातून जुळवलेला संगणक घेतला, दुकानदाराने ‘विंडोज, ऑफिस सगळं टाकून दिलंय’ असं सांगितलं, बिलावर त्याचा उल्लेख नाही. वर्षभराने पडद्यावर ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी ओळ उमटली की हा माणूस गटात येतो आणि प्रामाणिकपणे विचारतो, ‘हे कसं घालवायचं?’ त्याने पैसे मोजलेले असतात. त्याचा संदेश ‘पायरसीला बंदी आहे’ म्हणून उडवला तर त्याला आपण काय चुकलो तेही कळत नाही. तो पुन्हा त्याच दुकानदाराकडे जातो आणि पुन्हा तेच टाकून आणतो.

अशा माणसाला मी काय सांगतो? पहिलं, घाबरू नका, ॲक्टिव्हेट न केलेलं विंडोज लगेच बंद पडत नाही. कोपऱ्यात ती ओळ दिसत राहते आणि वॉलपेपर, रंग वगैरे बदलता येत नाहीत, पण काम चालतं. दुसरं, ती ओळ घालवण्यासाठी कुठलंही ॲक्टिव्हेटर, म्हणजे परवाना असल्याचं भासवणारा प्रोग्राम, चालवू नका. तिसरं, लॅपटॉप कंपनीचा असेल तर त्याची मूळ ‘की’, म्हणजे परवान्याचा संकेतांक, बहुधा मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. कंपनीने दिलेलीच आवृत्ती पुन्हा टाकली, म्हणजे होमच्या जागी होम, तर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. कितीतरी लोकांकडे पैसे भरलेला परवाना असतो आणि फॉरमॅट मारणाऱ्याने वर प्रोचं पायरेटेड विंडोज टाकलेलं असतं. या एका उत्तराने माणूस पायरसीतून बाहेर पडतो आणि खर्च शून्य. प्रश्नच काढून टाकला असता तर हे घडलं नसतं.

सरसकट बंदीचा दुसरा तोटा कामाच्या बाजूचा आहे. ‘क्रॅक’ शब्द लिहिला की संदेश जातो हे कळलं, की लोक तो शब्द लिहीत नाहीत. मग प्रश्न येतो, ‘कोरलड्रॉ प्रिंट देताना बंद पडतो.’ स्वयंसेवक प्रिंटरचा ड्रायव्हर बदलायला सांगतात, फॉन्ट कमी करायला सांगतात, रॅम तपासायला सांगतात. दोन संध्याकाळी जातात आणि शेवटी कळतं, की प्रत मूळ नाही, तिच्या फाइली कोणीतरी बदललेल्या आहेत. आधी कळलं असतं तर पाच मिनिटांत सांगता आलं असतं, की बदललेल्या प्रोग्रामचं निदान बाहेरून होत नाही. म्हणून माझ्या गटात मी उलटं सांगतो: प्रत कशी आहे ते मोकळेपणाने सांगा, सांगितलं म्हणून कोणी काढणार नाही.

मग क्रॅकची मदत का द्यायची नाही? कायदा त्यातलं एक कारण आहे, पण माझ्या मते पहिलं नाही. पहिलं कारण हे, की ती मदत प्रामाणिकपणे देताच येत नाही. क्रॅक म्हणजे अनोळखी माणसाने बदललेला प्रोग्राम. त्याच्यासोबतच्या सूचनेत हमखास लिहिलेलं असतं, ‘अँटिव्हायरस बंद करून मग चालवा.’ लिंक टाकणाऱ्याने स्वतः वापरून पाहिलं आणि त्याला काही झालं नाही, एवढ्यावरून ती फाइल निर्धोक ठरत नाही. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम आवाज न करता काम करतात. तुमच्या ज्येष्ठ नागरिकाच्या लॅपटॉपवर बँकेचं काम चालतं, पेन्शन तिथूनच पाहिली जाते. त्याला ‘अँटिव्हायरस बंद करा’ असं आपल्या गटातून कोणी सांगावं हे मला सहन होत नाही.

यातलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावाने ओळखला जाणारा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम. तो मुख्यतः क्रॅक, कीजेन (बनावट की तयार करणारे प्रोग्राम) आणि फुकट ॲक्टिव्हेटर यांच्यातूनच पसरला. फाइलींची नावं बदलतात, फोटो उघडत नाहीत, प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी येते. त्याच्या जोडीला बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रामही उतरतो. याचे बळी मोठ्या कंपन्या नव्हत्या, घरचे संगणक, विद्यार्थी, छोटे स्टुडिओ हेच होते. लग्नाचे फोटो काढणाऱ्याची एका हंगामाची सगळी शूटिंग अशी गेलेली मी पाहिली आहे.

आणि इथेच माझ्या मताची दुसरी बाजू येते. असा माणूस गटात आला तर पहिला प्रश्न ‘क्रॅक टाकला होता का?’ हा दरडावणीच्या सुरात विचारायचा नाही. तो प्रश्न निदानासाठी लागतो, शिक्षेसाठी नको. २०१६ मध्ये युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी मिळून ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. तिथे कुलूपबंद फाइली सोडवण्याची साधनं मोफत मिळतात आणि संसर्ग कशामुळे झाला याचा जाब कोणी मागत नाही. एम्सिसॉफ्ट या कंपनीने २०१९ मध्ये डीजेव्हीयूच्या जुन्या प्रकारांसाठी मोफत साधन काढलं. बहुतेक बळींनी चोरीचं सॉफ्टवेअर उतरवलं होतं हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरीही त्यांनी मदत केली. तुमच्या वाचनालयाचा गट त्यांच्यापेक्षा कठोर असायचं कारण नाही.

गटात असा प्रसंग आला तर देण्याचं उत्तर तयार ठेवा. इंटरनेट तोडा आणि पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क लगेच काढा. कुलूपबंद फाइली आणि ती चिठ्ठी पुसू नका, साधन वापरताना दोन्ही लागतात. आज साधन चालत नसलं तरी फाइलींची एक प्रत जपून ठेवा, काही चाव्या नंतर सापडतात. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, त्याच मशीनवरून बदलले तर चोराला नवेही कळतील. पैसे भरू नका. सायबर गुन्ह्याची तक्रार १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा त्याच्या पोर्टलवर करता येते, विशेषतः बँकेतून पैसे गेले असतील तर तास-दोन तासांत. हे उत्तर पायरसीशी संबंधित आहे का? आहे. ते काढून टाकावं का? मुळीच नाही.

आता कायदा. मी वकील नाही, पण गट चालवणाऱ्याने एवढं वाचलेलं असावं. प्रताधिकार कायदा १९५७च्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून उल्लंघन करणारा आणि त्याला जाणूनबुजून साहाय्य करणारा, दोघेही गुन्ह्यात येतात. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, दंड ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. कलम ६३-ब खास संगणक प्रोग्रामसाठी आहे: बेकायदा प्रत माहीत असून वापरली तर किमान सात दिवस कैद. मात्र वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून कैद माफ करू शकतं आणि ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. म्हणजे घरात शिकणारा विद्यार्थी आणि पैसे घेऊन पत्रिका छापणारा यांच्यात कायदाही फरक करतो. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५-अ कुलूप तोडण्याबद्दल आहे, उल्लंघनाच्या हेतूने तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद.

‘मग ॲडमिन म्हणून मीच अडकेन का?’ ही भीती तुमच्या पत्रात दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका वेगळ्या प्रकारच्या प्रकरणात म्हटलं, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, त्याचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसलं पाहिजे. मी त्यातून एवढंच घेतो: कोणी लिंक टाकली म्हणून रात्रीची झोप उडवून घेऊ नका, पण दिसल्यावर ती तशीच ठेवून खाली अंगठा देऊ नका.

तुमच्या आधी हा पेच जगभरच्या स्वयंसेवकांना पडलेला आहे. कोडी हा टीव्हीवर आपल्याजवळ असलेले चित्रपट-गाणी लावायचा मोफत प्लेअर. विक्रेत्यांनी त्यात चोरीचे चित्रपट दाखवणारे ॲड-ऑन (जोड-प्रोग्राम) भरून टीव्हीला जोडायचे डबे विकायला सुरुवात केली. ॲड-ऑन बंद पडला की गिऱ्हाईक विक्रेत्याकडे न जाता कोडीच्या स्वयंसेवकांकडे यायचं. कमाई एकाची, निस्तरणं दुसऱ्याचं. शेवटी त्यांनी भूमिका घेतली: तुम्ही घरी काय बसवता त्यात आम्ही पडणार नाही, पण अमुक ॲड-ऑनवर आमच्या जागेत मदत मिळणार नाही. त्यांनी यादीच लावली. एक्सडीए या मोबाइलवाल्यांच्या प्रसिद्ध मंचावर बूटलोडर उघडणं, रूट करणं, कस्टम रॉम टाकणं, म्हणजे आपल्याच फोनची आतली प्रणाली बदलणं, हे सगळं वर्षानुवर्षं चालतं, पण चोरीची ॲप देणं आणि मागणं दोन्ही मना आहे. आपल्या मालकीच्या यंत्राशी खटपट करणं वेगळं आणि दुसऱ्याचं विकायला ठेवलेलं फुकट उचलणं वेगळं, ही रेघ त्यांनी नीट ओढली आहे.

आता मला ज्या भागाबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय तो: आपले डीटीपीवाले. तालुक्याच्या गावांत आजही लग्नपत्रिका, दिवाळी अंक, सोसायटीचे अहवाल पेजमेकर या ॲडोबी कंपनीच्या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. त्यानंतर कंपनीने ते पुढे नेलं नाही, सगळं लक्ष इनडिझाइन या आपल्या नव्या सॉफ्टवेअरकडे वळवलं. म्हणजे विकत घ्यायचं म्हटलं तरी ते दुकानात मिळत नाही. पण पंचवीस वर्षांच्या फाइली त्यात आहेत, आणि मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, नाही, श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांच्या आपापल्या संकेतांत आहे. हा माणूस ‘पेजमेकर सेव्हन मिळेल का’ असं विचारतो तेव्हा त्याला पेजमेकरची हौस नसते. त्याला मागच्या वर्षीचा अहवाल उघडून आकडे बदलायचे असतात.

बाजारात मिळत नाही म्हणून लिंक द्या, असा आग्रह इथे होतो. मी देत नाही. विक्री थांबली म्हणून हक्क संपत नाही. पण ‘नाही’ म्हणून थांबतही नाही. लिबरऑफिसचं ड्रॉ पेजमेकरच्या बऱ्याच फाइली उघडतं. मांडणी हलते, पण मजकूर हाती येतो. तो मजकूर फॉन्ट परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायचा, रफार, र-कार आणि अर्धी अक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासायची. पुढचं काम स्क्रायबसच्या १.६ आवृत्तीत किंवा इंकस्केपमध्ये. दोन्हींत देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात. फॉन्टसाठी मुक्त, बलू, आयआयटी मुंबईचा शोभिका, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू, सगळे मोफत. पहिले पंधरा दिवस हात अडखळतो, गिऱ्हाईक दारात उभं असताना नवं शिकणं जिवावर येतं, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून अशा माणसाला गटाने नुसती नावं फेकून देऊ नयेत. त्याची एक फाइल घेऊन ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणून दाखवावी. सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’पेक्षा ही मदत कितीतरी जास्त मेहनतीची आहे आणि मला वाटतं मदत गटाचं खरं काम हेच आहे.

डोंगलचा प्रश्न याच कुळातला. एकाने मराठी फॉन्टचं पॅकेज रीतसर विकत घेतलं, बिल आहे, पण डोंगल (संगणकाला जोडल्यावरच सॉफ्टवेअर चालू देणारी छोटी किल्ली) जुना, पॅरलल पोर्टचा, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेत बसणारा, आणि नव्या संगणकाला तो पोर्टच नाही. तो डोंगल-क्रॅक मागतो. नैतिकदृष्ट्या माझी सहानुभूती पूर्ण त्याच्याकडे आहे. कायदाही इतका आंधळा नाही: कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला सुरक्षेसाठी राखीव प्रत काढू देतं, आणि ६५-अ मध्येही कायद्याने न रोखलेल्या हेतूसाठी मोकळीक आहे. पण त्यातच एक अट आहे: दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, सगळा तपशील नोंदवून ठेवला पाहिजे. शेकडो लोकांच्या गटात ते होणं शक्य नाही, आणि एकदा टाकलेली फाइल बिल असलेला आणि नसलेला असा भेद करत नाही. म्हणून गटात मी दोनच गोष्टी सांगतो. एक, पॅरलल पोर्टचं कार्ड मदरबोर्डवर बसवून पाहा. यूएसबीची तयार केबल घेऊ नका, तिच्यावर असे डोंगल सहसा ओळखले जात नाहीत. दोन, बिल घेऊन कंपनीला लिहा. जुना डोंगल परत घेऊन काही शुल्कात नवा देणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत.

आणि एक लक्षात घ्या. मराठी फॉन्ट, मराठी शुद्धलेखन तपासणी, मराठी लेखांकन यांसाठी काम करणाऱ्या कंपन्या फार थोड्या आणि लहान. अमेरिकेतल्या कंपनीला आपल्या तालुक्यातल्या एका क्रॅकने फरक पडत नसेलही. पुण्यात बसून अक्षरं घडवणाऱ्याला पडतो. एकेक अक्षर, एकेक जोडाक्षर काढायला वर्षं लागतात. ‘मोठ्या कंपनीचं लुबाडलं तर काय बिघडलं’ हा युक्तिवाद गटात आला की मी मराठीतल्या या माणसांकडे बोट दाखवतो. तिथे तो टिकत नाही.

विद्यार्थ्यांचं सोपं आहे, तिथे फार अडू नका. टॅली शिकायला क्रॅक लागतच नाही. टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं, फक्त नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच करता येतात. सरावाला ते पुरेसं आहे. ऑटोकॅड बनवणारी कंपनी विद्यार्थ्यांना मोफत परवाना देते. संशोधन करणारी मुलं शोधनिबंध मागतात, त्यांना आधी आपल्या संस्थेत ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आहे का ते बघायला सांगा. जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना त्यातून सुमारे १३ हजार नियतकालिकं मिळतात आणि कित्येक विद्यार्थ्यांना त्याचा पत्ताच नसतो.

तुमचा गट वाचनालयाचा, म्हणून पुस्तकांचं वेगळं सांगतो. ‘अमुक पुस्तकाची पीडीएफ मिळेल का’ हा प्रश्न तुम्हाला सॉफ्टवेअरपेक्षा जास्त येत असणार. इथेही प्रश्न राहू द्या आणि उत्तर निवडा. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे. त्याची पीडीएफ देणं पायरसी नाही, मराठी विकिस्रोतावर असं बरंच साहित्य आहे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांचं लेखन २०२९ संपेपर्यंत संरक्षित आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं, विश्वकोश, बालभारतीची पाठ्यपुस्तकं अधिकृतपणे मोफत मिळतात. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स आणि चालू लेखकांच्या कादंबऱ्या मात्र नाही. असं साहित्य फुकट वाटणाऱ्या टेलिग्रामवरच्या वाहिन्या चालवणाऱ्यांची माहिती उघड करायला दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये टेलिग्रामला भाग पाडलं आहे, ‘तिथे आपलं नाव कळत नाही’ हा समज सोडा. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात लहान असते. शंभर जणांनी पीडीएफ फिरवली तर प्रकाशक दुसरी आवृत्ती काढायचा विचार सोडून देतो.

यात एक अपवाद कायम ध्यानात ठेवा. दृष्टिहीन वाचकाने पुस्तकाची स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रामवर) चालणारी प्रत मागितली तर ती पायरसीची मागणी नाही. आपल्या कायद्यात २०१२ पासून तशी तरतूद आहे, आणि यासंबंधीच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये जगात सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत आहे. ‘सुगम्य पुस्तकालय’ त्यासाठीच आहे. अशा वाचकाला ‘पीडीएफ मागू नका’ असं उत्तर गटातून गेलं तर ते फार लागतं.

नियम लिहिताना कलमं पाडत बसू नका. मी लिहिलं असतं ते असं: ‘इथे कोणताही प्रश्न विचारा, तुमची प्रत मूळ आहे की नाही यावरून कोणी बोल लावणार नाही. क्रॅक, की, ॲक्टिव्हेटर, हक्क असलेल्या पुस्तकांच्या फाइली आणि त्यांच्या लिंका मात्र कोणी देऊ नयेत, दिल्यास काढल्या जातील. त्याऐवजी मशीन सुरक्षित करणं, माहिती वाचवणं आणि पर्याय शोधणं यात आम्ही सोबत राहू.’ जे प्रश्न मूळ आणि पायरेटेड दोन्हींना सारखेच लागू आहेत तिथे तर चौकशीही करू नका. ‘फोटोशॉपमध्ये मराठी जोडाक्षरं तुटतात’ याचं उत्तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई किंवा वर्ल्ड-रेडी पर्याय निवडणं हेच आहे, परवाना असो वा नसो. बिल दाखवा मग सांगतो, असं म्हणणारा गट चार दिवसांत ओस पडेल.

राहिला तो लिंक टाकणारा सदस्य. त्याला गटात सर्वांसमोर बोलू नका, फोन करा. लिंक काढली आहे हे सांगा आणि का काढली तेही: फाइल निर्धोक आहे याची हमी तो देऊ शकत नाही, आणि तिचा वापर करणाऱ्यांत पेन्शनवाले आजोबाही आहेत. माझा अनुभव असा, की असे लोक वाईट हेतूने देत नाहीत, मागणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवणं त्यांना जमत नाही. म्हणून त्याच्या हाती दुसरं काम द्या. पेजमेकरच्या फाइली नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणणं, लॅपटॉपमधलं मूळ विंडोज परत आणणं, मोफत सॉफ्टवेअरची यादी ताजी ठेवणं ही कामं त्याच्याइतकी दुसरं कोणी करणार नाही. तरीही पुन्हा लिंक आली तर इशारा, त्यानंतर महिनाभर फक्त वाचायची मुभा. ‘लाइफटाइम की, नाममात्र दरात’ असं म्हणून गटात गिऱ्हाईक शोधणारा मात्र पहिल्याच संदेशाला बाहेर काढा, त्याला फोन करायचीही गरज नाही. आणि नियम लागू कराल त्या आठवड्यात जुने संदेश चाळून आधीच्या लिंकाही काढा, नवे सदस्य शोधताना त्याच उघडतात.